सायकलसाठी सावलीचा रस्ता: नकाशाला झाड कसं दिसतं?

मे महिना. संध्याकाळचे पाच वाजलेत, साडेपाचला क्लास आहे आणि तुमच्याकडे सायकल आहे. मॅप उघडला की तो सांगतो: ३ किलोमीटर, मोठ्या रस्त्यानं सरळ. अंतर बरोबर, रस्ताही बरोबर. फक्त त्या ३ किलोमीटरमध्ये धड एक झाड नाही, हे मॅपला माहीत नाही. शेजारच्या गल्ल्यांमधून गेलात तर अर्धा-पाऊण किलोमीटर जास्त पडेल, पण डोक्यावर चिंच, कडुनिंब आणि पर्जन्यवृक्षांचं छप्पर असेल. ही गोष्ट रोज पेपर टाकणाऱ्या मुलाला पाठ असते. फोनला नसते.

यात फोनची चूक नाही. बहुतेक नॅव्हिगेशन ॲप्स एकाच प्रश्नाचं उत्तर शोधतात: लवकर कसं पोहोचायचं? कारमध्ये एसी लावून बसलेल्या माणसाला सावली असली काय, नसली काय, सारखंच. गूगल मॅप्सनं २०१७ मध्ये भारतात टू-व्हीलर मोड आणला, तोही स्कूटर-बाइकवाल्यांसाठी. सायकलवाल्याचं गणित वेगळं असतं, कारण त्याचं इंजिन तो स्वतःच असतो आणि ते इंजिन तापतं.

तर मग सावली मोजून रस्ता सुचवणारा नकाशा बनवता येतो का? येतो, आणि काही शहरांनी तो बनवलाही आहे. हेलसिंकी विद्यापीठाच्या डिजिटल जिओग्राफी लॅबनं ‘ग्रीन पाथ्स’ नावाचा रूट प्लॅनर तयार केला. चालणाऱ्यांना आणि सायकलवाल्यांना कमी आवाजाचा, कमी धुराचा किंवा जास्त हिरवाईचा रस्ता तो शोधून देतो. पण हेलसिंकीत उन्हाचं कौतुक असतं, आपल्याकडे ते चुकवायचं असतं. त्यामुळे आपला नकाशा तिथून जसाच्या तसा उचलता येणार नाही. तो कसा बनेल, हे आपण पुण्याचं उदाहरण घेऊन बघू.

३९ अंश कोणाचे?

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. हवामानाच्या ॲपमध्ये दिसणारे ३९ अंश हे सावलीतल्या हवेचं तापमान असतं. वेधशाळेचा थर्मामीटर झडपा असलेल्या पांढऱ्या पेटीत ठेवतात, त्याच्यावर ऊन पडूच देत नाहीत. तुम्ही मात्र उन्हात असता. वरून सूर्य भाजतो आणि खालून तापलेलं डांबर. झाडाखाली हवेचं तापमान फार तर एक-दोन अंशांनीच कमी असतं, पण हे दोन्ही भाजणं थांबतं. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या माहितीनुसार, सावलीतले पृष्ठभाग हे उन्हात तापलेल्या पृष्ठभागांपेक्षा ११ ते २५ अंश सेल्सियसनं थंड असू शकतात. झाडाखाली शिरल्यावर ‘हुश्श’ होतं ते यामुळे.

सायकलवाल्याला आणखी एक फायदा-तोटा असतो. चालत्या सायकलवर वारा लागतो, घाम वाळतो, बरं वाटतं. सिग्नलला थांबलात की तो वारा बंद आणि उकाडा एकदम अंगावर येतो. म्हणून मला विचाराल तर सावलीची पहिली गरज चौकात आहे. ९० सेकंदांच्या सिग्नलवर एक वड असेल तर तो पुढच्या अर्ध्या किलोमीटरच्या झाडांइतका मोलाचा. आपले चौक नेमके उलटे असतात, रुंदीकरणात सगळ्यात आधी तिथलीच झाडं जातात.

मॅपच्या पोटात काय चालतं

मॅपसाठी शहर म्हणजे ठिपके आणि रेघा. चौक हा ठिपका, दोन चौकांमधला रस्त्याचा तुकडा ही रेघ. प्रत्येक रेघेवर एक आकडा लिहिलेला असतो, त्याला आपण ‘खर्च’ म्हणू. घरापासून क्लासपर्यंत ज्या रेघांच्या खर्चाची बेरीज सगळ्यात कमी, तो तुमचा रूट. ही बेरीज झटपट काढायची युक्ती एडस्खर डाइक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञानं १९५६ मध्ये ॲमस्टरडॅमच्या एका कॅफेत बसून वीसेक मिनिटांत शोधली, असं त्यानं स्वतःच सांगितलं होतं. आजची रूटिंग इंजिनं त्याच कल्पनेच्या सुधारलेल्या आवृत्त्या वापरतात.

गंमत अशी की या युक्तीला खर्च म्हणजे काय याच्याशी काही देणंघेणं नाही. तिथे अंतर लिहा, वेळ लिहा, नाहीतर ऊन लिहा. आपण असं ठरवू: खर्च = अंतर × (१ + क × उन्हाचा वाटा). ‘क’ म्हणजे तुम्हाला उन्हाचा किती कंटाळा आहे, त्याचा आकडा.

मघाचीच दोन रस्त्यांची गोष्ट घ्या. मोठा रस्ता ३ किलोमीटर, त्यातला ९० टक्के उन्हात. गल्लीचा रस्ता ३.६ किलोमीटर, त्यातला ३० टक्के उन्हात. ‘क’ जर ०.२ धरला तर मोठ्या रस्त्याचा खर्च ३.५४ आणि गल्लीचा ३.८२. मोठा रस्ता जिंकला. ‘क’ ०.५ केला तर मोठ्या रस्त्याचा ४.३५ आणि गल्लीचा ४.१४. आता गल्ली जिंकली. ०.५ चा साध्या भाषेत अर्थ असा, की उन्हातल्या १ किलोमीटरऐवजी सावलीतला दीड किलोमीटर चालवायची तुमची तयारी आहे. चांगल्या ॲपमध्ये हा ‘क’ स्क्रीनवरच्या एका स्लायडरमागे लपवलेला असेल. जानेवारीत तो शून्यावर, मेमध्ये पार उजवीकडे.

एवढंच? हो, गणित एवढंच. अवघड आहे ते प्रत्येक रेघेसाठी ‘उन्हाचा वाटा’ शोधणं.

झाडं मोजायची कशी

पहिला मार्ग आकाशातून. युरोपचे सेंटिनल-२ उपग्रह दर काही दिवसांनी पृथ्वीचा फोटो घेतात आणि तो कोणालाही फुकट मिळतो. त्यातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा १० मीटर बाय १० मीटरचा चौकोन. हिरवी पानं लाल प्रकाश शोषून घेतात आणि डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश जोरात परत फेकतात. या दोन आकड्यांची वजाबाकी भागिले त्यांची बेरीज केली की ‘एनडीव्हीआय’ मिळतो. तो १ च्या जितका जवळ, तितकी दाट हिरवाई.

पण फोटो कोणत्या महिन्यातला घेता यावर आपल्याकडे सगळं अवलंबून आहे. पावसाळ्यात ढगांमुळे काही दिसत नाही. ऑक्टोबरमध्ये आकाश मोकळं होतं, पण तेव्हा महाराष्ट्रात रिकामा प्लॉटसुद्धा हिरवागार असतो. गुडघाभर गवत आणि पन्नास वर्षांची चिंच, उपग्रहाला दोन्ही हिरवंच दिसतं. म्हणून फोटो एप्रिलचा घ्यायचा. तेव्हा गवत वाळलेलं असतं, आणि जे हिरवं उरतं ते बहुतेक झाडच असतं. शिवाय पानगळ झालेली झाडं आपोआप गाळली जातात. काटेसावर, पांगारा ऐन उन्हाळ्याच्या तोंडाशी उघडे पडतात, गुलमोहराच्याही नुसत्या काड्या उरतात. उलट पिंपळ आणि कडुनिंब जुनी पानं टाकून तोवर नव्या पालवीनं भरलेले असतात. नकाशावर पाचही ‘झाड’च, पण एप्रिलमधल्या सायकलवाल्यासाठी त्यांत जमीन-अस्मानाचा फरक.

याहून बारीक हवं असेल तर मेटा आणि वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट यांनी २०२४ मध्ये जगभरातल्या झाडांच्या उंचीचा नकाशा खुला केला आहे. त्यात एक ठिपका १ मीटरचा आहे. ही उंची उपग्रहाच्या फोटोंवरून एआयनं काढलेला अंदाज असतो, टेप लावून केलेलं माप नव्हे, तेवढं लक्षात ठेवायचं.

दुसरा मार्ग रस्त्यावरून. अमेरिकेतल्या एमआयटीच्या सेन्सेबल सिटी लॅबनं ‘ट्रीपीडिया’ प्रकल्पात गूगल स्ट्रीट व्ह्यूचे फोटो घेऊन, माणसाच्या नजरेच्या उंचीवरून किती टक्के हिरवं दिसतं, ते शहरागणिक मोजलं. आपल्याकडे स्ट्रीट व्ह्यू जुलै २०२२ मध्ये परत आला, तेव्हा पहिल्या दहा शहरांत मुंबई, पुणे, नाशिक आणि अहमदनगर होती. पद्धत छान आहे, पण ती विचारते ‘हिरवं किती दिसतं?’. आपला प्रश्न ‘डोक्यावर काय आहे?’ हा आहे. बंगल्याच्या कंपाउंडवरचा बोगनवेल नजरेला सुखद, सावलीला निरुपयोगी.

तिसरा मार्ग मला सगळ्यात आवडतो, कारण तो आपल्या हातात आधीच आहे. महाराष्ट्रात १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे. त्यानुसार शहरांमध्ये दर पाच वर्षांनी वृक्षगणना करावी लागते. पुणे महापालिकेनं २०१६ नंतर केलेल्या गणनेत झाडांची जागा जीपीएसनं नोंदवली आणि सुमारे ४० लाख झाडांचा तो डेटा लोकांसाठी खुला केला. त्यात झाडाचं स्थानिक नाव, शास्त्रीय नाव, बुंध्याचा घेर, उंची आणि पानांच्या छत्रीचा व्यास अशा नोंदी आहेत.

यातला सोन्याचा रकाना म्हणजे छत्रीचा व्यास. का, ते दहावीच्या पायथागोरसनं बघू. समजा झाडाचा बुंधा फुटपाथवर, रस्त्याच्या कडेपासून दीड मीटर आत आहे. तुम्ही डाव्या कडेपासून एक मीटरवरून सायकल चालवताय. म्हणजे बुंध्यापासून तुम्ही अडीच मीटर लांब. दर १० मीटरला एक झाड आहे आणि सूर्य डोक्यावर आहे. छत्रीचा व्यास ८ मीटर असेल, तर प्रत्येक झाड तुमच्या वाटेवर सव्वासहा मीटर सावली टाकतं, म्हणजे वाटेचा जवळपास ६२ टक्के भाग झाकला. व्यास १२ मीटर असेल तर सावल्या एकमेकींना भिडतात, वाट पूर्ण झाकली. आणि व्यास ५ मीटर असेल तर? छत्रीची कड जेमतेम तुमच्या खांद्यापर्यंत येते. झाडं तेवढीच, सावली शून्य.

म्हणजे ‘या रस्त्यावर २०० झाडं आहेत’ या वाक्याला सायकलवाल्याच्या दृष्टीनं काडीचा अर्थ नाही. एक वड तोडून दहा रोपं लावली की कागदावर नऊ झाडं वाढतात. नकाशावर मात्र ती रेघ हिरवीची लाल होते आणि पुढची पंधरा-वीस वर्षं लालच राहते. ‘बदल्यात झाडं लावली’ असं कोणी सांगितलं, की छत्रीचा व्यास विचारायचा.

सावली जागेवर बसत नाही

इथपर्यंत सूर्य डोक्यावर धरला. पुण्यात तो मे महिन्याच्या मध्यावर दुपारी साडेबाराच्या सुमारास खरंच डोक्यावर येतो, त्याला शून्य सावलीचा दिवस म्हणतात. पण क्लास आणि ऑफिस काही तेव्हा सुटत नाहीत.

त्याच दिवसांत दुपारी तीन वाजता १० मीटर उंच झाडाची सावली साधारण ७ मीटर लांब पडते. पाच वाजता तीच २० मीटर होते, आणि ती पूर्वेकडे पडते, किंचित दक्षिणेला झुकून. आता लॉ कॉलेज रोडसारखा साधारण दक्षिणोत्तर जाणारा रस्ता घ्या. संध्याकाळी त्याच्या पश्चिमेची झाडं रस्त्यावर सावली टाकतात, पूर्वेची झाडं मात्र आपली सावली मागच्या सोसायटीला देऊन टाकतात. तीन वाजता तर आणखी मजा. आपण डावीकडून चालतो, त्यामुळे उत्तरेकडे जाणारा पश्चिम कडेला असतो आणि त्याला सावली मिळते. दक्षिणेकडे येणारा पलीकडच्या कडेला, तिथे ७ मीटरची सावली पोहोचतच नाही. रस्ता एक, वेळ एक, तरी जाताना सावली आणि येताना ऊन. म्हणून नकाशात प्रत्येक रेघेला दोन दिशांचे दोन वेगळे आकडे लागतात.

भांडारकर रोडसारखे साधारण पूर्व-पश्चिम रस्ते संध्याकाळी वेगळेच वागतात. तिथे सूर्य जवळजवळ रस्त्याच्या रेषेत उतरतो. ओळीतल्या झाडांची सावली बरीचशी ओळीतच पडते आणि पश्चिमेकडे जाणाऱ्याच्या थेट डोळ्यांत ऊन येतं. तुमच्या मागून येणाऱ्या कारवाल्याच्याही डोळ्यांत येतं, ही जास्त काळजीची गोष्ट. अशा रस्त्यावर दोन्ही बाजूंच्या फांद्या वर एकमेकींना भेटून कमान झाली असेल तरच खरी सावली मिळते. ती अजून टिकलीये ते रस्ते ओळखायला नकाशाची गरज नाही, ते रस्ते लोकांना नावानं माहीत असतात.

सूर्य कधी कुठे असेल हे सेकंदापर्यंत काढता येतं, त्यामुळे कॉम्प्युटरला हे सगळं जड नाही. प्रत्येक तुकड्यासाठी दर तासाचा, दर महिन्याचा आकडा आधीच काढून ठेवायचा. तुम्ही ‘आत्ता निघतोय’ म्हणालात की त्या वेळचा आकडा उचलायचा. उंच इमारतींची सावलीही यात धरता येते. पेठांमधल्या अरुंद गल्ल्यांना झाडं कमी असूनही संध्याकाळी बरं वाटतं ते वाड्यांच्या आणि इमारतींच्या सावलीमुळे.

जूनमध्ये हाच नकाशा उलटतो

झाडी दिसली की रस्ता चांगला, असं ॲपनं गृहीत धरलं तर ते तुम्हाला पाडेल. मेअखेर आणि जूनमध्ये जांभळाखालचा रस्ता पिकलेल्या फळांनी इतका निसरडा होतो की ब्रेक दाबायची भीती वाटते. वळवाच्या वाऱ्यात गुलमोहराच्या ठिसूळ फांद्या मोडतात. मुळांनी उचललेला सायकल ट्रॅक तर बारा महिने त्रास देतो. शिवाय गाड्यांनी भरलेल्या अरुंद रस्त्यावर दाट छत्रीखाली धूर कोंडून राहू शकतो. म्हणून ‘क’ सारखे आणखी आकडे हवेत: खड्ड्यांचा, वाहतुकीच्या वेगाचा, पावसाळ्याचा.

आणि रात्रीचा. दुपारी सगळ्यात सुखाचा असलेला रस्ता रात्री नऊ वाजता सगळ्यात काळोखा असतो, कारण दिव्याचा खांब त्याच फांद्यांमध्ये गुरफटलेला असतो. मुलींना हे वेगळं सांगायला नको. क्लासहून परत येताना त्या लांबचा पण उजेडाचा, दुकानं उघडी असलेला रस्ता धरतात. सूर्यास्तानंतर सावलीचा आकडा शून्य आणि दिव्यांचा आकडा सुरू, एवढी अट ज्या ॲपमध्ये नाही ते कितीही हिरवं असो, मी ते कोणाला सुचवणार नाही.

आणखी एक गोष्ट नकाशा रंगवला की लगेच दिसते. बंगल्यांच्या जुन्या वसाहती आणि कॅन्टोन्मेंट हिरवेगार, आणि जिथून रोज खरोखर सायकलवर कामाला जाणारी माणसं निघतात त्या वस्त्यांचे आणि कारखान्यांकडे जाणारे रस्ते उघडे. अशा माणसाला कितीही स्लायडर सरकवून सावलीचा रूट मिळत नाही, कारण तो नाहीच. तिथे या नकाशाचा उपयोग रस्ता शोधायला नसून झाडं कुठे लावायची ते ठरवायला आहे. कोणत्या कडेला लावायची, तेही त्यातून कळतं.

फोनवरून काय करता येतं

या सगळ्याचा खुला पाया म्हणजे ओपनस्ट्रीटमॅप, २००४ पासून लोकांनी मिळून बनवलेला नकाशा. त्यात रस्त्याच्या रेघेला ‘ट्री-लाइन्ड’ ही खूण लावता येते: दोन्ही बाजूंना, फक्त डावीकडे किंवा फक्त उजवीकडे. इथे डावं-उजवं तुमच्या जाण्याच्या दिशेवरून ठरत नाही, ती रेघ ज्या दिशेनं काढली गेली त्यावरून ठरतं. नवखे लोक इथेच फसतात.

एकेक झाड नोंदवायचं असेल तर ‘एव्हरी डोअर’ हे फुकट ॲप अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर चालतं. त्यात बाक, दिव्याचे खांब आणि झाडं अशा बारीक गोष्टी टाकता येतात. अँड्रॉइडवरचं ‘स्ट्रीटकम्प्लीट’ त्याहून सोपं. ते तुम्हाला प्रश्न विचारतं: हा रस्ता डांबरी की सिमेंटचा? रात्री दिवे असतात का? सायकल ट्रॅक आहे का? उत्तरं दिली की ती नकाशात जातात, आणि मघाशी म्हटलेले दिव्यांचे आणि रस्त्याच्या पोताचे आकडे तयार होतात.

झाडाची जागा लावताना जीपीएसवर भरवसा ठेवू नका. मोकळ्या आकाशाखाली फोनचं जीपीएस साधारण ५ मीटरपर्यंत अचूक असतं, आणि दाट झाडाखाली आकाश मोकळं नसतंच. एवढ्या चुकीनं पश्चिमेचं झाड रस्त्याच्या मधोमध येऊन उभं राहतं. पिन बोटानं सरकवून मागच्या उपग्रह फोटोत झाड दिसतं तिथे ठेवा. गूगल मॅप्समध्ये बघून इथे उतरवायला मात्र बंदी आहे, ती लायसन्सची भानगड आहे. वृक्षगणनेचा डेटासुद्धा घाऊक ओतायच्या आधी त्याच्या अटी तपासून स्थानिक मॅपिंग मंडळींशी बोलावं लागतं.

सायकलचे ट्रॅक रेकॉर्ड करून शेअर करत असाल तर घराजवळचा पहिला आणि शेवटचा तुकडा लपवण्याची सेटिंग आधी चालू करा. जानेवारी २०१८ मध्ये स्ट्राव्हाच्या हीटमॅपवरून जवानांच्या धावण्याच्या रेघा दिसल्या आणि लष्करी तळांच्या जागा उघड झाल्या होत्या. तुमची बिल्डिंग शोधणं त्यापेक्षा खूप सोपं आहे.

कोडिंग येत असेल तर पुढचा टप्पा तुमचाच. ‘ग्राफहॉपर’ या खुल्या रूटिंग इंजिनात स्वतःचे नियम लिहिता येतात. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी आख्खं पुणे घेऊ नका. एक प्रभाग घ्या, त्यातले रस्ते ओपनस्ट्रीटमॅपमधून आणि झाडं वृक्षगणनेतून काढा, क्यूजीआयएसमध्ये छत्र्यांची वर्तुळं काढून रस्त्यांवर ठेवा, आणि पहिला आकडा मिळाला की तो प्रिंट करून त्या रस्त्यावर सायकलनं फिरून या. गणनेनंतर तोडलेली झाडं डेटात अजून उभीच असतील, ती आधी खोडावी लागतील.